नाडी लागत होती तरी

विहिरीतला गाळ काढताना कडेचा दगड सुटला आणि थोरल्या भावाच्या नडगीवर आला. मी वर दोर धरून होतो. धप्प असा आवाज झाला, मग खालून थोरला साध्या आवाजात म्हणाला, "पाय गेला बघ."

आम्ही त्याला फळीवर घालून घरी आणला. हाडवैद्य म्हातारा लगेच आला. गावातली निम्मी मोडकी हाडं त्यानंच जुळवलेली. त्यानं नडगी ओढून बसवली, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधली आणि तीन आठवडे सोडायची नाही, असं बजावलं.

दुपार कलली तसा थोरला कण्हायला लागला. दाढ उपटून त्याच दिवशी नांगर धरणारा माणूस हा. वहिनीनं गोळी दिली, पाय उशीवर ठेवला. दुखणं वाढतच गेलं. मी म्हाताऱ्याला परत बोलावलं. घोट्यापाशी बोटं टेकवून तो म्हणाला, नाडी लागतेय, रक्त चालू आहे. हाड मोडलंय तर दुखणारच.

वहिनी उठली आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईला घेऊन आली. नर्सबाई म्हणजे म्हाताऱ्याचीच सून. सासऱ्याला बघून ती उंबऱ्यात थबकली, मग आत येऊन पायापाशी बसली. पोटरी चाचपली, तर लाकडासारखी टणक. पायाचा अंगठा हळूच खाली वाकवला, तसा थोरला असा ओरडला की अंगणात बसलेली माणसं उठली. मग अंगठ्याच्या बेचक्यात टाचणी टेकवून तिनं विचारलं, कळतंय का? थोरला म्हणाला, कुठं?

तिनं पिशवीतून कात्री काढली.

"माझ्या बांधणीला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला.

"मामंजी, हाड तुम्ही नीट बसवलंय. पण आत सूज दाटलीय, मांसाला रक्त पोचत नाही. नाडी लागत असली तरी पाय मरतो."

तिनं कात्री चालवली. बांधणी सुटली, पण टणकपणा गेला नाही. उशी काढून पाय सपाट ठेवायला सांगून ती ट्रॅक्टरवर आमच्याबरोबर तालुक्याला आली.

तिथल्या डॉक्टरांनी आतला दाब सुटावा म्हणून दोन्ही बाजूंनी पाय चिरून तसाच उघडा ठेवला. आणखी दोन-तीन तास गेले असते तर कापावा लागला असता, म्हणाले. दुसऱ्याच कुणाच्या भावाचं सांगताहेत, असं मी ऐकत होतो. वहिनी भिंतीकडे बघत बसली होती. रडली नाही.

पाय राहिला. पंजा मात्र उचलत नाही; चालताना जमिनीवर आपटतो. म्हातारा पुन्हा आमच्या दारात आला नाही.

परवा गवंड्याची बायको शिडीवरून पडली. लोकांनी तिला म्हाताऱ्याकडेच नेलं. त्यानं सुजलेला हात बराच वेळ न्याहाळला. तिला घेऊन उपकेंद्रात गेला आणि सुनेच्या खोलीबाहेर बाकावर, सगळ्यांच्या मागं, नंबर लावून बसला.