बांधलेला पंप

झुलाल महाराजांचा अकरावा तांब्या पंपाकडे येणाऱ्या नळीवर रिता झाला आणि पंप गप्प झाला. मघापासून पोटात खडी भरल्यासारखा ओरडणारा तो पंप आता शहाण्या बैलासारखा चालू लागला. "महाराज की जय!" अख्ख्या पाळीनं हात जोडले. भिकुबाईनं तर झाडू टाकून लोटांगणच घातलं.

निंबा नाना तेवढे पायरीवर बसून राहिले. असोद्याच्या रस्त्यावरच्या या सरकीच्या कारखान्यात ते एकोणतीस वर्षं फिटर. गुडघे गेले होते, आणि समजावून समजावून जीभही थकली होती. पेंडीत उरलेलं तेल इथे हेक्झेननं धुऊन काढतात. मग हेक्झेनची वाफ थंड करून तेच पंपानं पुन्हा फिरवतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचाच भाऊ.

"पण आता नुसत्या तापीच्या पाण्यानं भागायचं नाही," झुलाल महाराज उपरण्यानं घाम पुसत म्हणाले. "जळून मेलेल्या बाईची वासना आहे. तिला साडी नको, नारळ नको. धूप पाहिजे! निखारे आणा, पंपाच्या तोंडाशीच ठेवू." एवढं जग सोडून त्या बाईला पंपात शिरायची काय हौस, ते महाराजांनी सांगितलं नाही.

निखाऱ्यांचं नाव निघताच नाना उठले.

"शेठ, पंपाचं सील तीन दिवस ठिबकतंय. वाफ जमिनीलगत साचते. निखारा आत आला तर आपल्या सगळ्यांचं तेरावं एकाच दिवशी."

मालक प्रेमराज चिडले. "दोन महिने तुमचं हेच. महाराज आले की पंप शांत होतो, हे खोटं आहे का?"

"खरं आहे. म्हणून अर्धा तास थांबा. निखारे फाटकाबाहेर ठेवा."

वैशाखाचं ऊन होतं. अर्ध्या तासात पंप पुन्हा ओरडू लागला. नानांनी न्हाणीघरातली बादली उचलली तसा ऑपरेटर भटू आडवा आला.

"नाना, हात नका लावू! महाराजनी बांधेल शे तो!"

पंपाच्या तोंडाशी गाळणीच्या झाकणावर महाराजांचा लाल दोरा होता. दोन महिन्यांत तिथे कुणी पान्हा लावला नव्हता.

नानांनी मंत्र न म्हणता अर्धी बादली नळीवर ओतली. पंप गप्प झाला.

कुणी जय म्हणालं नाही.

"पंप टाकीखाली होता तेव्हा ओरडला कधी?" नाना म्हणाले. "वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून तुम्ही तो ईशान्येला, उंच ओट्यावर नेला. चाळीस फूट नळी उन्हात. हेक्झेन नळीतच उकळतं, पंपाच्या तोंडी द्रवाऐवजी वाफ येते, आणि तो बोंबलतो. गार पाणी पडलं की वाफ मोडते. मग पाणी तापीचं असो की न्हाणीचं."

त्यांनी पंप बंद केला, दोन्ही व्हॉल्व्ह आवळले, आतलं हेक्झेन काढून घेतलं. मग दोरा कापला आणि गाळणीची जाळी बाहेर ओढली. ती पेंडीच्या चिकट लगद्यानं बुजली होती.

"ही घ्या तुमची जळून मेलेली बाई. जाळी तुंबली की पंपाकडे येणारं हेक्झेन आणखी लवकर उकळतं. महाराज, अकरा तांब्यांतला एक थेंबही तुम्ही मोटारीवर पडू देत नाही, म्हणजे मशीन कळतं तुम्हाला. आधी कोणत्या कारखान्यात होता?"

महाराज पिशवी गोळा करत होते. त्यांना पिंपळनेरची गाडी एकाएकी आठवली होती.

भिकुबाई जाळीकडे बघतच राहिली. "मंग येवढा दिन आपन पाया पडनूत ते कोनले?"

"कचऱ्याले, माय," नाना म्हणाले. त्यांना हसू आलं नाही; उलट भडभडून आलं. ही सगळी माणसं आज जळाली असती, आणि तीही हात जोडून. "पाया पडा, माझी ना नाही. पण आधी उघडून बघा. न उघडता जो देव दाखवतो, त्याला विचारा, झाकण का बांधलंस म्हणून. शेठ, पंप उद्या टाकीखाली येऊ द्या. सील नवं घाला. आणि दर गुरुवारी जाळी धुवायची."

प्रेमराज शेठ खाली बघत "हो" म्हणाले.

भटू बादलीतलं उरलेलं पाणी घेऊन फाटकाबाहेर गेला. निखारे चर्रकन विझले. तो आवाज आतपर्यंत आला, आणि तेव्हा कुठे नाना पुन्हा पायरीवर टेकले.