चौथा ठिपका

पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी शेडच्या जमिनीवर लांब पडली होती, आणि रविंद्र हातातले फडके तसेच धरून तिच्याकडे पाहत होता. जानेवारीचे ऊन, त्याला घाई नव्हती. तेलाच्या डागांवरून, लोखंडाच्या किसावरून सरकत ते लेथच्या पायाशी जरा रेंगाळले, मग तिरपे चढून करड्या टाकीच्या कडेला लागले. तिथे तीन ठिपके होते. ऊन त्यांत बारीक सावल्या भरून पुढे गेले, आणि जिथे रंग गुळगुळीत असायला हवा होता तिथेही मुगाएवढी फिकट सावली उमटली. रविंद्र उन्हाच्या वाटेत उभा राहिला.

प्रत्येक दाबचाचणीनंतर टाकीच्या कडेवर एक ठिपका ठोकायचा. चार झाले की टाकी भंगारात, कारण पाचव्या वेळी ती फुटू शकते, असा हिंगण्याच्या त्या शेडचा नियम होता. चौथी चाचणी पैसा मंजूर करणाऱ्या समितीसाठी राखून ठेवली होती. पण डिसेंबरात चाचण्या घेणारा कारागीर नत्थू धान कापायला गावी, कुहीला गेला असताना रविंद्रने धास्तीपोटी एक तालीम केली, सवयीने ठिपका ठोकला, आणि मग त्यात पुट्टी भरून रंग दिला. नवी टाकी घडवायला तीन महिने लागत. रॉकेटच्या या टाकीच्या संशोधनात आणखी दोन वर्षे पैसा घालायचा की काम थांबवायचे, हे आज ठरणार होते. शेडमध्ये सात माणसे होती, आणि त्यांचा प्रमुख सत्तावीस वर्षांचा रविंद्र होता.

"तुम्ही काहून पुसून राहिले, साहेब?" मागून नत्थूचा आवाज आला. "पाहुणे पोरगी पाह्याले येऊन राहिले, अन् तुम्ही पावडर लावून राहिले."

रविंद्र हसला. फडक्याची घडी त्याच्या हातून नीट होईना.

दहा वाजता समितीचे तिघे आले. ऊन तोवर टाकीवरून सरले होते. रंग सपाट दिसत होता.

"आतापर्यंत किती चाचण्या झाल्या?" अध्यक्षांनी विचारले.

नत्थूने नेहमीप्रमाणे डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला.

"तीन, साहेब. माह्या हातच्या हायेत."

अध्यक्षांनी रविंद्रकडे पाहिले. त्याने होकारार्थी मान हलवली.

सगळे वाळूच्या पोत्यांआड गेले. नत्थूची जागा मात्र झडपेजवळ होती, टाकीपासून दोन हातांवर. त्याने चाक फिरवले. हवा सुसाटत आत शिरली, काटा वर चढू लागला. चाळीस. साठ. पोत्यांच्या फटीतून रविंद्रला त्याची पाठ दिसत होती. खाकी सदऱ्यावर खांद्याशी बायकोने घातलेला निळ्या दोऱ्याचा रफू होता. टाके लहान होते, एकसारखे. रविंद्र ते मोजू लागला आणि मध्येच चुकला.

तो पोत्यांआडून बाहेर आला.

"मांगं व्हा ना जी," नत्थू न वळता म्हणाला. "तुमची जागा नाही हे."

रविंद्रने त्याच्या हातावर हात ठेवून चाक उलटे फिरवले. हवा सुटण्याचा आवाज बराच वेळ चालला. काटा शून्यावर आल्यावर त्याने नत्थूचा अंगठा धरला, तिसऱ्या ठिपक्याच्या पुढे नेला आणि गुळगुळीत रंगावर टेकवला.

"काय हाय इथं?" नत्थूने विचारले.

पोत्यांमागून अध्यक्ष उठून उभे राहिले होते. रविंद्र त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

"चार चाचण्या झाल्या आहेत."