पालथा कप

डॉक्टरीणबाई आर्वीला म्हणाल्या ते एवढंच, "दारू सुटली आहे, ती सुटलेलीच राहू दे. कॉफी मात्र प्या. कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर जरा बरं टिकतं, असं दिसतं. पण तुमचं फारच आक्रसलंय, तेव्हा फार आशा धरू नका."

शेवटचं वाक्य त्याच्या बायकोच्या, ताइमीच्या कानांनी घेतलंच नाही. घरी येताच तिनं चुलीवर किटली चढवली, ती पुढं महिनाभर उतरली नाही. आर्वीचा एक कप संपेतो दुसरा तयार.

"अगं, मला वाचवतेयस की भिजवतेयस?"

"गप पी. वीस वर्षं ते दुसरं पीत होतास, तेव्हा असं विचारलं होतंस का?"

तो हसे, साखरेचा खडा दातांत धरी आणि बशीत ओतून पिऊन टाकी.

बर्फ पडू लागलं तसे त्याचे डोळे पिवळे होत गेले, पोट फुगलं. ताइमीनं कॉफी आणखी कडक केली.

रविवारी भजनाची बैठक त्यांच्याच घरी होती. फिनलंडच्या आमच्या या सपाट मुलुखात कुणी दोन शब्द बोलतं, मग सगळे मिळून देवाचं गाणं गातात, पुन्हा कुणी बोलतं. पेटी नाही, बाजा नाही. चाल इतकी संथ, की एकेक ओळ काळजात मुरत जाते. शेवटी कॉफी.

गाणं उचलणारी साइमी घोट घेऊन म्हणाली, "ताइमी, यात चमचा उभा राहील गं."

सगळे हसले. ताइमी किटली घेऊन आर्वीकडं वळली आणि थबकली. महिनाभर तिनं त्याचा कपच पाहिला होता, चेहरा नाही. आर्वीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. डोळे मिटून, कडू काढा गिळावा तशी तो कॉफी गिळत होता.

शेवटचा घोट घेऊन त्यानं कप बशीत पालथा घातला.

पाहुण्यानं कप पालथा घातला, की पोट भरलं, घराचं भलं होवो, आता निघतो, असा अर्थ. त्यात पुन्हा कुणी ओतत नाही. पण आपल्याच घरात घरधनी कधी कप पालथा घालत नाही. हसणं जागच्या जागी विझलं.

ताइमी त्याच्याजवळ वाकली. "कधीपासून जात नाही तुला?"

"झाले बरेच दिवस. वासानंच मळमळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ओतत होतीस ना."

ताइमीच्या हातातली किटली जड झाली होती.

"बस जरा," आर्वी म्हणाला. "महिना झाला, तू गायला बसलीच नाहीस. नुसती चुलीपाशी."

तिनं किटली फरशीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी बाकावर टेकली. साइमीनं हलकेच गाणं उचललं. पहिली ओळ ताइमीनं नुसती ऐकली. दुसरीला आर्वीचा फाटका आवाज लागला, तेव्हा तिनं त्याच्यात आपला मिसळला. पालथ्या कपावर तिचा हात होता. कप अजून कोमट होता.

चुलीत लाकूड सरकवायला कुणी उठलं नाही.