धारेचं दूध आणि पालथा टोप

मी ॲग्नेसच्या घरचा दुधाचा टोप बोलतोय. ॲल्युमिनियमचा, बुडाला काळा, काठाला पोचे आलेला. टोप बोलायला लागला म्हणून हसू नका. भ्यालोय, म्हणून बोलतोय.

लग्नानंतर ॲग्नेसने मला अंधेरीच्या बाजारातून आणलं. मरोळ गावठाणातल्या तिच्या चुलीवर मी रोज सकाळी चढायचो. दूध वर आलं की ती फुंकर घालायची. उकळल्याशिवाय थेंबभर कुणाला मिळायचं नाही. चटके मलाच बसायचे, पण घर ठणठणीत होतं.

यंदा, म्हणजे अडुसष्ट साली, तिची धाकटी कार्मेन गोवराने वाळून काडी झाली. पोरीच्या अंगात जीव यावा म्हणून ॲग्नेसने मागच्या तबेल्यातल्या शिवदासकडून धारेचं दूध लावलं. नुकतंच काढलेलं, कोमट, तसंच कपात. उकळलं की ताकद जाते, असं शिवदास म्हणाला, आणि त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. मला घासून फळीवर पालथं घातलं.

फळीवरून दार दिसायचं. दूध हिंदकळू नये म्हणून शिवदासच्या किटलीच्या तोंडात पेंढ्याचा बोळा कोंबलेला असायचा. तो काढून पायरीवर ठेवायचा, कार्मेनचा कप भरायचा, अन् तोच बोळा पुन्हा आत! अरे बाबा, त्या पायरीवरून कोंबड्या फिरतात! माझा जीव वरखाली व्हायचा. पण पालथ्या टोपाचं कोण ऐकतंय? ॲग्नेस तर गावठाणभर सांगत सुटली, पोरांना हेच द्या म्हणून.

मग कार्मेनला ताप आला. उतरेचना. डॉक्टरांनी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड सांगितला आणि दूध उकळता का, असं विचारलं. ॲग्नेसने फळीवर माझ्याकडे पाहिलं. हातांतून, पाण्यातून, भांड्यांतून दुधात जंतू जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, उकळीनेच मरतात, असं ते म्हणाले. ऐकून मी फळीवर गार पडलो.

कार्मेन जगली. केस सगळे गळले, पण जगली. मी पुन्हा चुलीवर चढलो. गावठाणात मात्र ॲग्नेसने सांगितलं, पोरीला पाणी बाधलं. सगळ्यांना तेच दूध लावायला सांगितलं होतं ना, आता कुठल्या तोंडाने बोलणार?

आज सकाळी शिवदास समोरच्या व्हायोलेटच्या दारात थांबला. पायरीवर बोळा. व्हायोलेटच्या कडेवर तिचा लहानगा मॅथ्यू, हातात कप. ॲग्नेस खिडकीतून नुसती बघत राहिली. जा गं, मी मनात ओरडत होतो, लाज गेली खड्ड्यात, जा!

तिने मला उचललं आणि तशीच धावली.

"व्हायोलेट, कार्मेनला पाणी बाधलं नव्हतं. ह्या दुधानेच झालं. मी खोटं सांगितलं."

शिवदास किटली धरून तसाच उभा. व्हायोलेटने कपात पाहिलं. कप रिकामा होता.

"गेल्या आठवड्यापासून देतेय गं," ती म्हणाली.

आता मी व्हायोलेटच्या चुलीवर आहे. तिने घेतलेलं बाकीचं दूध माझ्यात तापतंय. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरचा टोप फळीवर पालथा असेल, तर आत्ताच्या आत्ता उतरवा. इथे माझ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. दूध उतू चाललंय, आणि त्या दोघी आळीपाळीने मॅथ्यूच्या कपाळावर हात ठेवून बघतायत.