बाळंतिणीचा शेक

सासूबाईंनी तापलेला दगड पानांत, मग फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पोटावर फिरवायला घेतला. बाजेखाली निखारे होतेच. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा धुकं आलं. शेजारी निजलेल्या माझ्या तान्ह्या सफियाचा चेहरा दिसेना, नुसता फिकट डाग.

"आई, पुरे. उष्णतेनं माझ्या नसा आणखी ढेपाळतात. नसांच्या या आजाराचे, एमएसचे, डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टर बाळंत झालाय का कधी? थंडी भरलीय अंगात, म्हणून हातपाय लुळे पडलेत."

बोलणं मायेचंच होतं, म्हणून तर धास्ती. मी लुळी पडले की शेक वाढायचा, शेक वाढला की मी आणखी लुळी. काल बाळ हातातून निसटलं. गादी होती म्हणून वाचलं. तेव्हाच सासूबाईंनी माझ्या नणंदेला, सुहैलाला, फोन केला. आज संध्याकाळी ती सफियाला दूर त्रंगानूला, तिच्या घरी, नेणार, मी धड होईपर्यंत. आणि या आजारात धड कधी होणार, ते कुणीच सांगत नाही.

मी आमच्या एमएसवाल्यांच्या गटातल्या झहाराताईंना बोलावलं. दुपारी काठी टेकत आल्या, दारातूनच ओरडल्या, "मावशी, सून भाजताय की मासा?"

सासूबाई हसल्या नाहीत. "माझी बहीण बाळंतपणात शेकाशिवाय राहिली. वेड लागलं तिला. आम्हाला ओळखेना."

ताई सासूबाईंजवळ खाली बसल्या. "माझ्या आईनं मला असंच शेकलं. मी न्हाणीघरात कोसळले. वर्षभर रडत होती बिचारी. मावशी, पोटपट्टा बांधा, आल्याचं पाणी पाजा. फक्त आजची दुपार विस्तव बाहेर ठेवा. मी इथंच बसते. वेडीबिडी वाटली, तर मीच शेकते तिला."

निखारे बाहेर गेले. ताईंनी ओला टॉवेल माझ्या मानेवर टाकला. सासूबाई सारखं माझं कपाळ चाचपायच्या.

"मी कोण?"

"आई."

"आणि ही?"

"मासेवाली."

"बघा, लागलं वेड!" ताई म्हणाल्या. आता मात्र सासूबाई हसल्या.

हळूहळू सफियाच्या भुवया दिसल्या, मग हनुवटी. हात अजून थरथरत होते. बाहेर गाडी थांबली. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सफियाला उचलून माझ्या कुशीत दिलं. तिच्याखाली आपले दोन्ही हात धरून ठेवले. मग एक काढला.

"दुसरा?" ताईंनी विचारलं.

"तो राहू दे, आई," मी म्हणाले.

सुहैला आत आली. "निघायचं ना?"

"थांब गं," सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "पोर दूध पितेय."