चापावर फिरलेली कानस

त्या शनिवारी सकाळी साडेसहा वाजता आर्डिथने शेगडीवर कॉफी ठेवली आणि जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले. तिचा नवरा क्लोविस खोकत आला. खोकला ओसरेपर्यंत तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला सकाळी एवढा वेळ लागतोच. मग त्याने मला भिंतीवरून उतरवले, नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता बोल्ट उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि वर्तमानपत्रावर आडवे ठेवले.

मित्रांनो, मी एका वेळी एकच गोळी झाडणारी, सत्तर वर्षांची लहानशी बंदूक आहे. माझ्या काडतुसातली ठिणगी पाडणारी दारू त्याच्या बुडाच्या कडेत असते, म्हणून माझी पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. आवाज थोडा, धक्का त्याहून थोडा. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांत खारीचा रस्सा शिजतो तो माझ्यासारखींच्या जिवावर. क्लोविसचे वडील होबार्ट मला मांडीवर घेऊन हिकरीच्या झाडाखाली तासन्‌तास निश्चल बसत. ‘‘ही खोटं बोलत नाही,’’ असे ते शेजाऱ्यांना सांगत. त्यांच्यामागून मी क्लोविसकडे आले. खाणीत दुहेरी पाळ्या चालत, तेव्हा मी कपाटामागे गंजत पडले, हेही खरे. पण निवृत्त झाल्यावर त्याने माझा गंज उतरवला आणि अक्रोडाच्या दस्त्याला महिनाभर तेल चोळले.

या खोऱ्यात एक रीत आहे. बापाला डोंगर चढवेनासा झाला की घरची बंदूक थोरल्या अपत्याकडे जाते. यंदा क्लोविसला दम लागून पहिल्याच चढावर बसावे लागले. त्यांची मुलगी रेना त्या दुपारी मला न्यायला येणार होती.

माझा चाप जड होता. लेकीला तो हलका करून द्यावा, या हौसेने क्लोविसने तीन आठवड्यांपूर्वी बोल्टला अडवून धरणारी खाच कानशीने घासली. खाणीतल्या यंत्रांचे मुठीएवढाले भाग त्याने आयुष्यभर असेच घासून बसवले होते. ते पोलाद आतपर्यंत कडक असे. माझ्या खाचेचा कडकपणा मात्र दुधावरच्या सायीएवढाच जाड होता. साय निघाली आणि खाली मऊ लोखंड उरले. चाप लोण्यासारखा झाला. क्लोविस खूश होता. मला बोलता आले असते, तर मी त्याच वेळी ओरडले असते.

‘‘झालं का तुझं लाडकीला न्हाऊमाखू घालून?’’ आर्डिथने विचारले.

‘‘झालं. आता बघ, फुंकर मारली तरी चाप सुटेल.’’

‘‘तेच तर नको. तुझे वडील दस्ता आपटून बघायचे, तसं करून बघितलंस का?’’

‘‘अगं, मी यंत्रं दुरुस्त करत म्हातारा झालो!’’

‘‘हो, आणि अंगणाचं फाटक तीन वर्षं लोंबकळतंय. आण इकडे.’’

तिने नळी पुन्हा तपासली, बोल्टची गुंडी मागे ओढून मला सज्ज केले आणि दस्ता लाकडी जमिनीवर आपटला.

खट्‌. पिन सुटली. चापाला कोणाचे बोट लागले नव्हते.

‘‘जोरात आपटलंस,’’ क्लोविस म्हणाला.

तिने मला पुन्हा सज्ज करून दस्ता हळू आपटला. खट्‌.

क्लोविसने मला तिच्या हातून घेतले, सज्ज केले आणि स्वतः, अगदी अलगद, टेकवले. खट्‌.

कॉफी उतू गेली.

‘‘रेना सांभाळून वापरते,’’ तो अखेर पुटपुटला. ‘‘एकदा सांगितलं की तिला पुरतं.’’

‘‘काय सांगणार? बंदूक म्हातारी झाली म्हणून?’’

त्याने जाऊन शेगडी बंद केली.

‘‘ती कुंपण ओलांडेल, दगडावर घसरेल,’’ आर्डिथचा आवाज हळू झाला. ‘‘क्लोविस, बंदुकीचं काही बिघडलं नव्हतं रे.’’

मित्रांनो, जुन्या वस्तूंना माया हवी असते. पण ज्या हाताने माया करायची, त्याला काय येत नाही हेही ठाऊक असावे. दुर्लक्षाने मला गंज चढला होता, तो तेलाने निघाला. लाडाने जे गेले, ते तेलाने परत येणार नव्हते.

दुपारी रेना आली. ‘‘डॅडी, कुठंय माझी बंदूक? सोमवारी पहाटेच निघायचा बेत आहे!’’

‘‘बस,’’ क्लोविस म्हणाला. ‘‘सोमवारी नाही.’’

‘‘का? देववत नाही ना? आईनं सांगितलंच होतं, रडशील म्हणून.’’

‘‘मी बिघडवली.’’

रेना हसायची थांबली. तिने आईकडे पाहिले. आर्डिथ ताटे मांडत राहिली.

क्लोविसने माझा बोल्ट काढला आणि फडक्यात गुंडाळून एका पाकिटात घातला. पाकिटावर त्याने पेन्सिलने, स्वच्छ अक्षरांत लिहिले: ‘कारागिरास — खाच कानशीने घासली आहे. नवी बसवावी. चूक माझी. क्लोविस.’

पाकीट त्याने रेनाच्या हातात ठेवले. मग मला, रिकामी आणि मुकी, तिच्या गाडीच्या मागल्या बाकावर नेऊन निजवले, आणि दार लावून घेतले.