काट मारलेल्या शब्दांची वही

मी एक जुनी वही आहे, आणि माझ्याच पानांची मला शिसारी येते. मित्रांनो, नाकं मुरडू नका, आधी ऐका.

सोलापूरच्या एका दवाखान्यात हॅनाबाई नावाची अमेरिकन डॉक्टरीण होती. तिचं मराठी पुस्तकी. "वेदना कोठे होतात?" असं तिनं विचारलं, की मंद्रूपसारख्या खेड्यातल्या बाया नुसत्या तोंडाकडे बघत बसायच्या. म्हणून १९२७ साली तिनं मला विकत घेतलं. परिचारिका राजाबाई सांगायची, हॅनाबाई लिहायची. 'पायात गोळा आला' याच्यासमोर तिच्या गावाकडचा शब्द, 'चार्ली हॉर्स'. 'अंग गळाटलं'समोर 'टकर्ड आउट'. साहेबाच्या देशातही खेडवळ बोली असते, हे कळल्यावर राजाबाई पोट धरधरून हसली. ते दिवस मोठे सुखाचे होते.

पुढे हॅनाबाई मायदेशी गेली. नवी डॉक्टरीणही अमेरिकनच, पण मोठ्या शहरातली. तिला त्या खेडवळ अमेरिकन शब्दांची लाज वाटली, आणि तिला मराठी शिकवणाऱ्या हिंदुराव मास्तरांना आपल्या शब्दांची. मास्तरांनी दौत उघडली आणि दोन्ही बाजूंवर काट मारली. शी! मंद्रूपातच वाढलेला हा माणूस आईच्या तोंडचे शब्द घाण पुसावी तसे पुसत होता. राजाबाईला रोग्यांशी बोलायची बंदी झाली. तिला पट्ट्या धुवायला बसवलं.

एका सकाळी वळसंग गावाहून मायाक्का एकटीच आली. तान्हं घरी सासूजवळ होतं. "तीन दिस जुलाब हायत बाई. टाळू खोल गेलीया."

डॉक्टरणीनं मला उलटसुलट चाळलं. टाळूच्या जागी नुसती शाई. "काही नाही, अडाणी समजूत," मास्तर म्हणाले. तिनं औषधाची बाटली भरायला घेतली.

तेवढ्यात राजाबाई ओल्या हातांनीच आत आली. "मला कामावरनं काडा, पर ऐका," ती म्हणाली. मग स्वतःच्या टाळूवर हात ठेवून हॅनाबाईचा शब्द बोलली, "सॉफ्ट स्पॉट. खाली गेलाय."

हा शब्द डॉक्टरणीनं स्वतःच्या आईच्या तोंडून ऐकला होता. अंगातलं पाणी आटलं, की बाळाची टाळू अशी खचते, हेही तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं दवाखान्याची मोटार काढली आणि मायाक्काला, राजाबाईला घेऊन वळसंग गाठलं.

बाळ वाचलं. मास्तर मात्र एवढंच म्हणाले, की राजाबाईचा उच्चार अशुद्ध होता.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण कुणी आपल्या बोलीत दुखणं सांगत असेल, तर आधी त्याच्याबरोबर जा. परत आल्यावर शुद्ध भाषा शिकवा.